राखणीचा कुत्रा आणि कुत्र्यांची भांडणे

शेतावरील वस्तीला कुत्रा हवा, ही गोष्ट कोणत्याही शेतकऱ्यास पटवून द्यावी लागत नाही. गोठ्यातील जनावरे, खुराड्यातील कोंबड्या, खळ्यावरील रास, विहिरीवरील पंप आणि तारा या सर्वांची रात्रीची राखण तोच करतो. मेंढपाळाच्या बाबतीत तर कुत्रा हा कळपाचाच एक भाग होय. असे असूनही गायीबैलांच्या संगोपनाचा जेवढा विचार केला जातो, त्याच्या शतांशानेही कुत्र्याच्या संगोपनाचा विचार होत नाही. परिणामी अनेक वस्त्यांवर असा कुत्रा आढळतो, की दुसरा कुत्रा दृष्टीस पडताच तो राखण सोडून त्याच्या अंगावर तुटून पडतो.

पुष्कळ शेतकरी याला गुण समजतात. आपला कुत्रा दुसऱ्या कुत्र्यास बांधावर उभा राहू देत नाही, असे ते अभिमानाने सांगतात. परंतु राखण वेगळी आणि भांडण वेगळे. राखणीच्या कुत्र्याचे काम म्हणजे आपल्या जागेवर राहणे, नवखे काही आढळल्यास भुंकून धन्यास जागे करणे आणि धनी येईपर्यंत जागा न सोडणे. जो कुत्रा दोनशे पावलांवरील कुत्र्याशी झोंबण्यासाठी गोठा सोडून धावतो, त्याच्या पाठीमागे गोठा उघडाच राहतो. लांडगा किंवा चोर यांना तेवढीच संधी पुरेशी असते. म्हणून भांडखोर कुत्रा हा चांगला राखणदार नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. दुसरी गोष्ट अशी, की ही खोड बहुतांशी कुत्रा ज्या रीतीने वाढविला व बांधला जातो तिच्यातून उत्पन्न होते. म्हणून ती टाळणे व ताब्यात ठेवणे हेही पाळणाऱ्याच्याच हाती असते.

भांडणाने होणारे नुकसान

कुत्र्यांच्या भांडणात प्रथम कुत्राच जायबंदी होतो. सुळ्यांची जखम वरून लहान दिसते, परंतु कातडीखालील मांस आतून फाटलेले असते. अशी जखम आतल्या आत पिकते, आणि पावसाळ्यात तीत अळ्या पडतात. पंधरा दिवस लंगडणारा कुत्रा राखण करू शकत नाही.

दुसरे नुकसान माणसांचे होते. भांडण सोडविण्यास गेलेल्या माणसाला स्वतःचाच कुत्रा चावतो, हा अनुभव सर्वत्र आहे. त्या वेळी कुत्रा माणूस ओळखत नाही. जे तोंडासमोर येईल त्याला तो चावतो. बहुधा हे चावे मुलांना व स्त्रियांना होतात, कारण दिवसा वस्तीवर तीच असतात.

तिसरे नुकसान शेजारधर्माचे होय. दसरा-दिवाळीनंतर पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त भागांतून धनगरांचे वाडे मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितात. लेंडी व मूत्र यांचे खत जमिनीला मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. हा व्यवहार उभयतांच्या हिताचा आहे. परंतु वाड्याचा कुत्रा आणि वस्तीचा कुत्रा यांची पहिल्याच रात्री जुंपली, एखादा कुत्रा मेला अथवा बिथरलेल्या मेंढ्या शेजारच्या पिकात शिरल्या, म्हणजे पुढील वर्षी वाडा त्या रानात येत नाही. ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर येणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीतही असाच प्रकार घडतो.

चौथे व सर्वांत भयंकर नुकसान म्हणजे पिसाळ रोग, अर्थात रेबीज. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे चाव्यातूनच जातो. दर भांडणाबरोबर ही शक्यता वस्तीच्या दाराशी येते, आणि तेथून ती गाय, म्हैस व माणूस यांच्यापर्यंत पोहोचते.

कुत्रा कुत्र्यावर का धावतो?

उपाय करण्यापूर्वी कारण ओळखावे. एकाच प्रकारचे भुंकणे निरनिराळ्या कारणांनी होते, व प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

(१) हद्द. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, ही म्हण अनुभवाची आहे. स्वतःच्या अंगणात अंगावर जाणारा कुत्रा बाजाराच्या दिवशी परगावी शेपूट घालून चालतो. आगंतुक कुत्रा निघून गेला, की आपल्या भुंकण्याने तो गेला असे या कुत्र्यास वाटते, आणि सवय दिवसेंदिवस पक्की होत जाते.

(२) भीती. भांडखोर दिसणाऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळसे मुळात भित्रे असतात. लहानपणी इतर कुत्रे न पाहिलेला किंवा एकदा जबर चावा बसलेला कुत्रा दुसऱ्याने जवळ येऊ नये म्हणून आधीच धावून जातो. अशा कुत्र्याला मारल्यास भीती वाढते व तिच्याबरोबर भांडणही वाढते.

(३) अन्न. एकाच थाळ्यात दोघांस भाकरी टाकणे, हाडे अंगणात फेकणे, मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकणे यांमुळे भांडणे होतात. जेथे उघड्यावर मांसाचा कचरा पडतो, तेथे आसपासचे सर्व कुत्रे गोळा होतात.

(४) ऋतुकाल. मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते व सुमारे तीन आठवडे त्या स्थितीत असते. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत हा काळ मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीस व त्यानंतर येतो. भाद्रपदातील कुत्र्यांचे भांडण म्हणीसारखे झाले आहे ते यामुळेच. या दिवसांत एरवी शांत असणारे नरही एकमेकांवर तुटून पडतात.

(५) आखूड साखळी. दिवसभर हातभर साखळीला बांधलेला कुत्रा इतर कुत्रे मोकळे फिरताना पाहतो. त्याला त्यांच्याकडे जाता येत नाही व त्यांच्यापासून दूरही होता येत नाही. प्रत्येक वेळी पुढे झेप घेताच गळ्याला हिसका बसतो. अशा रीतीने दुसरा कुत्रा दिसणे आणि गळा आवळला जाणे यांची सांगड त्याच्या मनात बसते. रात्री सोडल्यावर तो जर पहिल्या दिसेल त्या कुत्र्यावर तुटून पडला, तर त्यात नवल नाही.

(६) दुखणे. आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडखोर झाला, तर प्रथम त्याच्या अंगात शोध घ्यावा. कानातील पू, दुखरा दात, गोचिडांचा उपद्रव, सांधेदुखी किंवा लपलेली जखम ही कारणे असू शकतात. त्याच वेळी पिसाळ रोगाची शंकाही मनात ठेवावी, आणि म्हणून असा कुत्रा स्वतः हाताळण्याऐवजी पशुवैद्यकास दाखवावा.

पूर्वसूचना ओळखा

भांडण अकस्मात जुंपले, असे नेहमी सांगितले जाते. परंतु कुत्रा क्वचितच सूचना दिल्यावाचून चावतो. अंग ताठ होणे, हालचाल एकदम थांबणे, दुसऱ्या कुत्र्यावर नजर खिळणे, शेपूट उंच व ताठ धरणे, तोंड मिटून श्वास रोखणे या खुणा दिसल्या, की पुढील काही क्षणांत झडप पडणार असे समजावे. भित्र्या कुत्र्याची लक्षणे वेगळी असतात: कान मागे, शेपूट पायांत, अंग खाली झुकलेले, डोळ्यांच्या कडांतून पांढरे दिसणारे बुबुळाभोवतीचे भाग. मानेवरील केस उभे राहणे ही केवळ उत्तेजनाची खूण होय; तेवढ्यावरून कुत्रा चावेलच असे नाही.

याउलट पुढील पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करणे, अंग सैल ठेवून वाकड्यातिकड्या उड्या मारणे, आलटून पालटून एकमेकांचा पाठलाग करणे हा खेळ असतो. तो थांबविण्याचे कारण नाही.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. आणि सूचना न देता चावणारा कुत्रा अधिक धोक्याचा असतो.

पिलापासून सुरुवात

ज्या कुत्र्याला पुढे राखण करावयाची आहे, त्याची खरी शाळा वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत असते. या काळात पिलू जे शांतपणे पाहते, त्याची भीती त्याला मोठेपणी सहसा वाटत नाही. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना जोरात चावले तर खेळ मोडतो, हा धडा ते तेथेच शिकते. चार आठवड्यांचे पिलू पोत्यात घालून आणून एकटे बांधून ठेवले, तर हा धडा राहून जातो.

घरी आणल्यावर पिलाला शेजारच्या वस्तीवरील शांत व लस टोचलेले मोठे कुत्रे दाखवावेत. गाय, शेळी, कोंबडी, बैलगाडी, ट्रॅक्टर, मुले व अनोळखी माणसे यांचाही परिचय करून द्यावा. लसीकरण पुरे होईपर्यंत त्याला मोकाट कुत्र्यांत किंवा उकिरड्यावर सोडू नये, कारण पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांनी पिले दगावतात.

काही ठिकाणी पिलू कडक व्हावे म्हणून त्याला अंधारात कोंडतात, तिखट चारतात, कान कापतात किंवा दुसऱ्या पिलांशी झुंजवितात. यांपैकी एकाही उपायाने कुत्रा शूर होत नाही. तो भित्रा व अविश्वासू होतो, आणि भित्रा कुत्रा केव्हा व कोणाला चावेल याचा भरवसा नसतो.

बांधणे, सोडणे आणि खाऊ घालणे

शक्य असेल तेथे कुत्र्यासाठी कुंपणाचा लहानसा वाडगा करावा. बाभळीच्या काट्यांची वई, जाळी किंवा दगडी गडगा यांपैकी जे उपलब्ध असेल ते चालेल. वाटेकडील बाजू आडोशाने झाकावी, म्हणजे येणारे जाणारे प्रत्येक कुत्रे त्याला दिसणार नाही. जे दिसत नाही त्यावर कुत्रा कमी धावतो.

कुंपण शक्य नसल्यास हातभर साखळीऐवजी सरकते दावे वापरावे. वीस ते पंचवीस फुटांवर दोन मजबूत खांब रोवून त्यांच्यामध्ये माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंचीवर जाड तार ताणावी. तारेत एक कडी ओवून तिला साखळी अडकवावी. कुत्र्यास आरामात बसता व लोळता येईल एवढी साखळीची लांबी असावी. खांबाला साखळी गुंडाळू नये म्हणून दोन्ही टोकांपासून काही अंतरावर तारेवर अडसर बसवावा. गळपट्ट्याजवळ फिरकीची कडी लावावी. जवळपास ओटा, भिंत किंवा गाडी नसावी. तिच्यावरून उडी मारल्यास कुत्र्याला फास बसतो. सावली व पाणी त्याच्या आवाक्यात असावे. असे दावेही सर्वकाळ नसावे. रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला दोरीने धरून शेताच्या बांधाबांधाने फिरवून आणावे. यामुळे त्याची रग जिरते व धन्याचे ऐकण्याची सवयही लागते. जनावरास विनाकारण आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वये अपराध आहे, याचीही नोंद घ्यावी.

ज्या भागात बिबट्याचा वावर आहे, तेथे रात्री कुत्रा मोकळा सोडणे किंवा उघड्यावर बांधणे दोन्ही धोक्याचे आहे. अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यामध्ये सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळून आला. भांडणाच्या नादाने उसात शिरलेला कुत्रा बिबट्याला आयताच सापडतो. अशा ठिकाणी वरून झाकलेल्या जाळीच्या खुराड्यात कुत्र्यास ठेवावे. भुंकून जागे करण्याचे काम तो तेथूनही करतो.

एका वस्तीवर दोन कुत्रे असल्यास त्यांची थाळी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठरलेल्या वेळी ठेवावी व खाणे संपताच उचलावी. दोन नर किंवा दोन माद्या यांच्यापेक्षा एक नर व एक मादी यांचे बहुधा अधिक जमते. उरलेसुरले मांस, वार व मेलेली कोंबडी उघड्यावर न टाकता खोल पुरावी.

लागलेली खोड कशी मोडावी

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे म्हणून पुष्कळ जण खोडकर कुत्र्याचा नाद सोडतात. शेपटाची गोष्ट खरी असली, तरी सवयीची तशी नाही. धीर धरून रोज दहा मिनिटे दिल्यास बहुतेक कुत्र्यांत सुधारणा होते. यामागील तत्त्व सोपे आहे. दुसरा कुत्रा दिसला म्हणजे आता भांडण, असे जे समीकरण कुत्र्याच्या मनात बसले आहे, त्याऐवजी दुसरा कुत्रा दिसला म्हणजे धन्याकडून काही चांगले मिळणार, असे समीकरण बसवावयाचे.

पहिली पायरी: पहिला आठवडा दुसऱ्या कुत्र्यावाचून घरीच काम करावे. नाव घेताच कुत्र्याने वळून पाहिले, की भाकरीचा, उकडलेल्या अंड्याचा किंवा सुकटीचा लहान तुकडा द्यावा. ‘ये’ व ‘बस’ हे दोन शब्द घरातील सर्वांनी एकाच रीतीने वापरावेत. हे काम कुत्रा उपाशी नसताना, पण जेवणापूर्वी करावे.

दुसरी पायरी: शेजारच्या एखाद्याला त्याचा शांत कुत्रा दोरीने धरून साठ-सत्तर पावलांवर उभे राहण्यास सांगावे. आपला कुत्रा मजबूत पट्ट्याने व दोरीने धरावा. दुसरा कुत्रा दिसताच लगेच तुकडा द्यावा, व तो दिसत आहे तोवर थोड्या थोड्या वेळाने देत राहावे. दुसरा कुत्रा झाडाआड गेला, की तुकडे बंद. असे पाच-सात वेळा करून थांबावे.

तिसरी पायरी: काही दिवसांनी दुसरा कुत्रा दिसताच आपला कुत्रा स्वतः होऊन धन्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. हे घडल्यावरच अंतर पाच पावलांनी कमी करावे. कुत्र्याने तुकडा नाकारला, अंग ताठ केले किंवा नजर खिळविली, तर अंतर फार कमी झाले असे समजून शांतपणे मागे फिरावे. ओरडू नये व दोरीला हिसके देऊ नयेत.

चौथी पायरी: बांधाच्या दोन्ही बाजूंनी दोन्ही कुत्रे एकाच दिशेने चालवावेत. समोरासमोर आणू नयेत. समोरून नाकास नाक लावून भेटणे हे कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे आव्हान असते. बाजूबाजूने चालता चालता अंतर हळूहळू कमी करावे.

या कामाला काही आठवडे, तर जुन्या खोडीला काही महिने लागतात. सर्व कुत्रे एकमेकांचे मित्र होतीलच असे नाही, व तशी आवश्यकताही नाही. दुसरा कुत्रा दिसल्यावर धन्याच्या हाकेला कुत्रा मागे वळला, म्हणजे उद्देश साधला. ज्या कुत्र्याने यापूर्वी जबर चावे घेतले आहेत, त्याच्यावर हे काम करताना त्याला मुसके घालावे. मुसके टोपलीसारखे मोकळे असावे, म्हणजे कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील व पाणी पिता येईल. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. दोरीने किंवा फडक्याने तोंड घट्ट बांधून ठेवल्यास उन्हाळ्यात तो दगावू शकतो.

रानात मेंढ्या बसविताना

वाडा येण्यापूर्वी शेतकऱ्याने मेंढपाळाशी कुत्र्यांविषयीही बोलणे करून घ्यावे. किती कुत्रे आहेत, त्यांस पिसाळ रोगाची लस टोचली आहे काय, रात्री ते कोठे असतात, हे विचारावे व आपल्या कुत्र्याची माहितीही द्यावी. वाडा उतरत असताना वस्तीचा कुत्रा बांधून ठेवावा. वाड्याची जागा शक्यतो वस्तीपासून दूरच्या वावरात द्यावी. दोन्ही कुत्र्यांची पहिली भेट दोरीने धरून, वस्तीपासून व कळपापासून दूर, मोकळ्या रानात चालता चालता घडवावी. कारण तेथे दोघांपैकी कोणाचीही हद्द नसते. भाकरी टाकण्याची जागा दोघांची वेगळी असावी. मेंढपाळाचा कुत्रा कळपाजवळ येणाऱ्यावर धावतो ते त्याचे कामच होय. तेव्हा वस्तीचा कुत्रा कळपाकडे जाणार नाही, ही जबाबदारी शेतकऱ्याची आहे.

भांडण जुंपल्यास

एवढी काळजी घेऊनही कधी भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये व गळपट्टा धरण्याचा प्रयत्न करू नये. काठीने झोडपल्यास वेदनेने पकड अधिक घट्ट होते. मुलांना प्रथम दूर करावे. बादलीभर पाणी दोघांच्या तोंडावर जोराने फेकावे. पत्र्याचा डबा वाजवून मोठा आवाज करावा. ते न साधल्यास जुने घोंगडे किंवा ताडपत्री दोघांवर टाकावी, अथवा बाज, फळी किंवा पत्रा दोघांच्या मध्ये सारावा. क्षणभर अलग होताच दोघांना दोन बाजूंस नेऊन एकमेकांच्या दृष्टीआड बांधावे. त्या दिवशी त्यांना पुन्हा एकत्र आणू नये.

जखम आणि पिसाळ रोग

भांडणानंतर कुत्रा शांत झाल्यावर मान, कान, पाय व पोट नीट तपासावे. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. धुताना हातात रबरी मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. जखमेत तिखट, चुना, राख किंवा तेल भरू नये. खोल जखम पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. दुसरा कुत्रा अनोळखी वा लस न टोचलेला असेल, तर आपल्या कुत्र्यास पूर्वी लस टोचलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. जखम भरून आली म्हणजे धोका टळला असे नाही, कारण पिसाळ रोगाची लक्षणे चावल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसू लागतात.

स्वभावात एकाएकी बदल, बदललेला आवाज, लोंबणारा जबडा, सतत गळणारी लाळ, गिळता न येणे, दिसेल त्यास चावणे किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसणे ही पिसाळ रोगाची लक्षणे आहेत. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो, असा समज आहे. तो खरा नाही. तो पाणी पिण्याचा प्रयत्नही करतो. तेव्हा कुत्रा पाण्याजवळ गेला, यावरून तो निरोगी ठरत नाही.

माणसास चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे सांगितलेल्या सर्व तारखांना लस पुरी करावी; एक-दोन मात्रा घेऊन थांबू नये. रक्त आलेल्या जखमेसाठी लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्य टोचावे लागते. चावणारा कुत्रा बांधून १० दिवस त्याच्यावर नजर ठेवावी, परंतु लस घेण्यासाठी तेवढे दिवस थांबू नये. या रोगाची लक्षणे एकदा सुरू झाली, की उपाय उरत नाही. मांत्रिकाकडे घालविलेला प्रत्येक दिवस जीवावर बेततो.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. पिलू ३ महिन्यांचे झाल्यावर पहिली लस टोचावी व नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे ती दरवर्षी चालू ठेवावी. लसीची तारीख घराच्या दारामागे किंवा गोठ्याच्या नोंदवहीत लिहून ठेवावी.

निर्बीजीकरण आणि गावाची जबाबदारी

नराचे निर्बीजीकरण केल्याने त्याचे भटकणे व इतर नरांशी होणारी भांडणे पुष्कळ अंशी कमी होतात. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. त्याने कुत्रा आळशी होतो किंवा राखण सोडतो, ही समजूत निराधार आहे. तथापि जो कुत्रा भीतीपोटी भांडतो, त्याचे भांडण केवळ शस्त्रक्रियेने थांबत नाही. त्याला वर सांगितलेले शिक्षणच हवे. मादीच्या निर्बीजीकरणाने वस्तीभोवती जमणारे नर येणे बंद होते व नकोशी पिले उकिरड्यावर टाकण्याचा प्रसंगही टळतो. शस्त्रक्रिया झाली नसेल, तर माजाच्या तीन आठवड्यांत मादी बंदिस्त जागेत ठेवावी.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न एकट्या शेतकऱ्याने सुटणारा नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे, आणि त्यानंतर कुत्रे सामान्यतः मूळ जागीच सोडावयाचे असतात. गावातील कुत्रे गाडीत भरून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडण्याची रीत सर्वथा अयोग्य होय. नव्या हद्दीत आलेला कुत्रा तेथील कुत्र्यांशी भांडतो आणि एका गावाचा रोग दुसऱ्या गावास नेतो. विष घालणे हा तर अपराध आहे, व त्या विषाने गुरेही मरतात. करमणुकीसाठी कुत्रे झुंजविणे हाही वर उल्लेखिलेल्या १९६० च्या अधिनियमान्वये अपराध आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी हे काम पुढील क्रमाने हाती घ्यावे. प्रथम वाड्या-वस्त्यांवरील पाळीव कुत्र्यांची यादी करून लस झालेले व न झालेले वेगळे काढावेत. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्याशी ठरवून एकाच दिवशी गावात लसीकरण घ्यावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो, त्याचे निमित्त साधता येईल. वाडे व ऊसतोडणीच्या टोळ्या गावात येतात, त्यांच्याही कुत्र्यांचा या कामात समावेश करावा. त्यांना वगळून केलेले लसीकरण अपुरे राहते. एका वस्तीवर सरकते दावे प्रत्यक्ष उभारून दाखवावे, कारण शंभर वेळा सांगितल्यापेक्षा एकदा पाहिलेले शेतकऱ्याच्या मनात राहते. शाळेत मुलांना कुत्र्यांच्या पूर्वसूचना व जखम धुण्याची रीत शिकवावी.

कुत्रा शेतकऱ्याकडे फार मागत नाही. दोन वेळची भाकरी, सावली, पाणी, वर्षाची एक लस आणि दिवसाकाठी धन्याची दहा मिनिटे एवढे त्याला मिळाले, तर तो आपली जागा न सोडता रात्रभर जागतो. ज्या वस्तीवर कुत्रा भांडणात गुंतलेला नसतो, त्याच वस्तीची राखण खऱ्या अर्थाने होत असते.